अठरा गाण्यांतला ‘य’

आकडा कडव्याच्या मागे असतो, पुढे नव्हे, ही एवढी गोष्ट त्या प्रोग्रामला कळत नव्हती, आणि त्यापायी प्रमिलाबाईंची मान आठवडाभर आखडलेली होती.

जळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या कुणीतरी तो बनवला होता आणि हातोहात फिरत त्याची फ्लॉपी धुळ्यात, आग्रा रोडवरच्या बन्सीलालच्या डीटीपी सेंटरवर येऊन पोचली होती. वर स्वरांची ओळ, दर मात्रेला एक चौकट, आणि खाली त्याच चौकटींत गाण्याची अक्षरं. पहिल्या कडव्याखाली दुसरं, दुसऱ्याखाली तिसरं, अशा चार ओळी मावायच्या. पण प्रत्येक ओळीच्या तोंडाशी तो प्रोग्राम आपला आपण आकडा टाकून मोकळा व्हायचा. आकड्यानं पहिली चौकट अडवली की अख्खं गाणं एका मात्रेनं पुढे सरकायचं, आणि समेवर यायचं अक्षर समेला सोडून शेजारी जाऊन बसायचं.

जीवराम मास्तरांनी पहिलं प्रूफ हातात घेतलं तेव्हाच विचारलं होतं, “बाई, ही वाणसामानाची यादी आहे का? एक, साखर. दोन, गूळ.”

मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, पेटीवाले. जुन्या वहीतली गाणी घेऊन त्यांचे स्वर त्यांनीच लिहून काढले होते. दोन दंड, आकडा, पुन्हा दोन दंड, आणि तेही कडवं संपल्यावर, असं त्यांनी टेबलावर बोटानं काढून दाखवलं. तेव्हापासून प्रमिलाबाई एकेक आकडा हातानं पुसत होत्या आणि मागे नेऊन ठेवत होत्या. गाणी अठरा. प्रत्येकाची कडवी पाच. पाचवं स्वरांखाली मावायचंच नाही. ते पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात, नुसतंच. तोवर चाल तोंडात बसलेली असते, म्हणून चालतं, असं मास्तरांचं म्हणणं.

पुस्तक होतं स्टीलच्या भांड्यांचे व्यापारी प्रेमचंद शेठ यांचं. म्हणजे त्यांच्या आईच्या, सायरबाईंच्या, वर्षीतपाचं. एक दिवस उपास, एक दिवस जेवण, असं तेरा महिने चाललं होतं. आता अक्षय तृतीयेला उसाच्या रसानं त्याचं पारणं व्हायचं, आणि त्या दिवशी येईल त्याच्या हातात हे स्तवनांचं पुस्तक द्यायचं. प्रती तीनशे. पहिल्या पानावर ‘सायरबाई यांच्या वर्षीतपाच्या पारण्यानिमित्त’, खाली ‘पारंपरिक स्तवने’, त्याखाली ‘स्वरलेखन’ आणि मास्तरांचं नाव.

अक्षय तृतीया म्हणजेच आखाजी. प्रमिलाबाईंना पारोळ्याला, माहेरी जायचं होतं. गेल्या वर्षी निवडणुकीच्या मतदारयाद्यांनी आखाजी खाल्ली, त्याआधी सासूच्या आजारपणानं. यंदा आईनं निरोप धाडला होता की झोका बांधलाय, आणि तो रिकामा हलतोय.

सात वर्षांपूर्वी नवऱ्याचं, अभिमनचं, छपाईचं ट्रेडल मशीन भंगारात गेलं आणि तो जकात नाक्यावर पावत्या फाडायला लागला. तोवरची बारा वर्षं प्रमिलाबाई घरातल्या घरात टाइप सोडत होत्या. छापून झालेला मजकूर मोडायचा आणि एकेक खिळा ज्याच्या त्याच्या खणात टाकायचा. उलटी अक्षरं त्यांना सुलट्याहून आधी वाचता यायची. ‘य’चा खण नेहमी आधी संपायचा आणि अभिमन ओरडायचा, ‘य’ कुठं गेले सगळे. कॉम्प्युटरवर अक्षर संपत नाही, ही एकच गोष्ट त्यांना त्या यंत्राची आवडली होती. बाकी डोळ्यांचं पाणी, पाठीची कळ आणि दुपारची जाणारी वीज.

दुसऱ्या प्रुफात मास्तरांनी लाल शाई काढली. पहिल्या गाण्याच्या पाचव्या कडव्यात ‘सायर’ होतं, त्यांनी ‘सागर’ केलं. दुसऱ्यात तसंच. तिसऱ्यात तसंच. जुन्या वहीतलं अशुद्ध आहे, भवसागर म्हणायचं असणार, असं म्हणाले. अठरा ठिकाणी अठरा लाल फुल्या. प्रमिलाबाई ‘य’ काढत गेल्या, ‘ग’ टाकत गेल्या. बाराव्या-तेराव्या गाण्यानंतर डोळे नुसते ‘सा’ शोधायचे, बोट आपोआप पुढचं करायचं. त्याच भरात पहिलं पान आलं, आणि बोटानं तेही करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेमचंद शेठांनी पहिलं पान हातात घेतलं आणि त्यांचा चहा कपातच राहिला.

“ही सागरबाई कोण?”

बन्सीलाल हसला. शेठ नाही हसले. तेरा महिने अन्नपाण्याला हिशेबानं शिवलेल्या बाईचं नावच बदललंत, असं म्हणाले, आवाज न चढवता, आणि म्हणूनच प्रमिलाबाईंचे कान तापले. त्यांनी तिथल्या तिथे पान दुरुस्त केलं, छापलं. हे आणि बाकीची पानं घरी जाऊन सायरबाईंना स्वतः दाखवा, त्यांनी होकार दिला की छपाईसाठी बटर पेपरवर काढा, एवढं सांगून शेठ दुकानाकडे गेले.

पानं लावता लावता प्रमिलाबाईंची नजर नवव्या गाण्याच्या तळाशी अडखळली. त्यांनीच काल केलेलं होतं: ‘सागर ऊभी हाथ जोड के, सुणजो म्हारी बात.’

समुद्र हात जोडून उभा? आणि उभा नाही, उभी.

त्यांनी मास्तरांनी दिलेली ती जुनी वही काढली. तिथे होतं ‘सायर ऊभी’. मग दहावं, मग तिसरं. काही ठिकाणी सायर खरंच समुद्रासारखा वाटत होता, होडी होती, काठ होता. पण नेमका पाचव्यातच. अठराच्या अठरा वेळा पाचव्यातच, शेवटच्या कडव्यात, जिथे रचणारा आपलं नाव घालतो.

गल्ली नंबर चारमधल्या त्या घरात सायरबाई खिडकीखाली गादीवर बसल्या होत्या. आज उपासाचा दिवस. मनगटं काडीसारखी, पण पानं उलटणारी बोटं घाईची नव्हती. त्यांनी गाणी वाचलीच नाहीत, नुसती पाहिली. मग नवव्या गाण्याचं पान समोर धरलं आणि प्रमिलाबाईंना तळाचं कडवं वाचायला सांगितलं.

प्रमिलाबाईंनी वाचलं. ‘सागर’शी आवाज आपोआप खाली आला.

“मास्तरांनी शुद्ध केलं?” सायरबाईंनी विचारलं.

“हो. त्यांना वाटलं जुनं अशुद्ध आहे.” आणि मग, विचारू की नको म्हणता म्हणता, “बाई, ही गाणी तुमची आहेत?”

स्वयंपाकघरात सुनेनं भांडं ठेवल्याचा आवाज झाला. सायरबाईंनी तिकडे पाहिलं, पुन्हा पानाकडे पाहिलं.

“गाते तिचं गाणं,” त्या म्हणाल्या. “चाळीस वर्षं बायका गातात. कुणी विचारलं नाही कुणाचं, मी सांगितलं नाही. आता सांगायचं पण नाही. प्रेमचंदला पण नाही. तो फोटो छापेल.” त्यांनी नखानं ‘ग’वर टोचलं. “पण एवढा ‘य’ माझा आहे. तेवढा राहू द्या.”

जिना उतरताना प्रमिलाबाईंच्या लक्षात आलं की ही पुन्हा अठरा पानं आहेत, आणि एक अक्षर बदललं की प्रोग्राम त्या पानाचे आकडे पुन्हा तोंडाशी आणून ठेवतो. बटर आज गेलं नाही तर छपाई नाही. आणि आज सहाची गाडी गेली तर यंदाची आखाजीही गेली.

सेंटरवर भाऊ येऊन बसलेला होता. झुलाल. मुराळी म्हणून, बहिणीला माहेरी न्यायला, आईनं धाडलेला, धोतराच्या घड्यासुद्धा नव्या. त्याच्या शेजारी जीवराम मास्तर, पेनाचं टोपण उघडझाप करत.

प्रमिलाबाईंनी नववं पान उघडलं आणि ‘ग’ काढून ‘य’ घातला. मास्तर खुर्चीतून उठलेच.

“हे काय चाललंय?”

“बाईंनी सांगितलंय. वहीत होतं तसं ठेवायचं.”

अशुद्ध पुस्तकावर आपलं नाव नको, असं मास्तर म्हणाले. तीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या, म्हातारपणी हे छापून लोकांना दाखवू का. सायर नावाचा शब्द शुद्ध भाषेत नाही. प्रमिलाबाईंकडे सांगण्यासारखं होतं ते सांगायचं नव्हतं. त्या दमलेल्या होत्या, आणि दमलेल्या माणसाला भांडणापेक्षा सोपं तेच सुचतं.

“मास्तर, हे एवढं गाऊन बघा ना. समेवर बसतं का ते. मला कळत नाही.”

मास्तरांनी नाक फेंदारलं. पण पान घेतलं, आणि टेबलावर बोटांनी ठेका धरत हलक्या आवाजात म्हटलं, ‘सायर ऊभी हाथ जोड के’. मग सवयीनं दुसरं पान ओढलं, त्याचं पाचवं. मग तिसरं. चौथ्याला बोटं ठेक्यावरून उचललेली तशीच राहिली. त्यांनी पहिलं पान शोधलं, पारण्याच्या ओळीतलं नाव वाचलं.

“पारंपरिक,” ते स्वतःशीच म्हणाले. पेनाचं टोपण लावलं. “आकडे मात्र शेवटीच हवेत, बाई. तळाच्या कडव्याचेसुद्धा.”

“शेवटीच आहेत.”

दोनला वीज गेली. साडेचारला आली. पाचला प्रमिलाबाई सातव्या पानावर होत्या. झुलाल दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आला. साडेपाचला दारात उभा राहून म्हणाला, “अक्का, गाडी निंघी जाई. माय वाट देखी ऱ्हायनी.”

“तू जाय, भाऊ. मी सकाय येसू.”

त्यानं आईनं दिलेली सांजोरीची पुडी कीबोर्डशेजारी ठेवली आणि गेला. प्रमिलाबाई सकाळी गेल्या नाहीत, कारण सकाळी बन्सीलालनं बटर पुन्हा तपासायला बसवलं, मग छपाई-बांधणीच्या गडबडीत आखाजी निघून गेली, आणि नंतर जाण्यात काही अर्थ नव्हता. झोका आखाजीनंतर सोडून ठेवतात.

पारण्यानंतर चौथ्या दिवशी प्रेमचंद शेठ पेढे आणि पुस्तक घेऊन आले. पुस्तक छान झालंय म्हणाले. मग तक्रारीच्या सुरात सांगू लागले की बाईंनी पारण्याच्या आदल्या रात्री खोलीचं दार लावून घेतलं होतं. तीनशेच्या तीनशे प्रती आत मागवल्या, सुनेला हात लावू दिला नाही. छपाईची एक चूक राहिलीय म्हणाल्या, पण कुठली ते सांगेनात.

प्रमिलाबाईंनी पुस्तक उघडलं. पाचवं गाणं, आठवं, नववं. सगळीकडे ‘सायर’. चौदाव्या गाण्याच्या तळाशी त्या थांबल्या. तिथे त्यांच्या हातून ‘सागर’ तसाच राहून गेला होता. ‘ग’वर निळ्या बॉलपेनची एक आडवी रेघ होती, आणि वर, हातानं काढलेला, पूर्ण गोल वळणाचा, ‘य’.

“सापडली का?” शेठनी विचारलं.

“सापडली. माझीच होती.”

“मोठी आहे?”

“नाही,” प्रमिलाबाई म्हणाल्या, आणि मान दाबत पुस्तक मिटलं. “एका अक्षराची.”