बाबांच्या नावाआधी कै.

माझ्या लग्नाच्या पत्रिका छापून आल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी काकांच्या अंगावर ओरडले. आजही आठवलं की डोकं तापतं.

बाबा मिरकरवाड्यातल्या एका ट्रॉलरवर खलाशी होते. मी दहावीत असताना बोट बुडाली. दोघे कसेबसे वाचले, तिघांची प्रेतं किनाऱ्याला लागली. बाबांचं काहीच लागलं नाही, साधा शर्टही नाही. आईने मंगळसूत्र काढलं नाही. रोज कुंकू लावून जेट्टीवर मासळी निवडायला जायची. कुणी टोमणा मारलाच तर "प्रेत दाखवा, मग पुसते," एवढंच म्हणायची. अशी नऊ वर्षं काढली तिने. काहींनी हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं, पण आमंत्रणाच्या पाकिटावर सगळे सौ. घालायचे. निदान तेवढी लाज लोकांना होती.

कन्यादान काका-काकू करणार, म्हणून पत्रिकेचं कामही काकांनीच घेतलं. मजकूर आम्हाला दाखवलाच नाही. पहिली पत्रिका ग्रामदेवतेपुढे ठेवायची, म्हणून आईने गठ्ठा सोडला आणि पडवीतच वाचायला लागली. कै. आणि पुढे बाबांचं नाव. खाली गं. भा. आणि तिचं. तिने दोनदा वाचलं आणि ती आत गेली.

"हे कुणाला विचारून छापलंत?" मी काकांना म्हटलं.

"अगो, सौ. घातलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, मग बाप कन्यादानाला का नाही बसला? आणि गंगा भागीरथी मानाचंच असतं."

मानाचं म्हणे. एवढा मान आहे तर बायको गेलेले पुरुष का नाही तो मिरवत? काकूंच्या भावाची बायको जाऊन चार वर्षं झाली, त्याच पत्रिकेत तो आपला श्री.चा श्री. बाईचा नवरा आहे की गेला, हे मात्र तिच्या नावाआधी छापायचं, म्हणजे तिची ओटी भरायची की नाही ते लोकांना वाचूनच कळावं. दर्याने नऊ वर्षांत जे सांगितलं नाही, ते या शहाण्याने घरबसल्या सांगून टाकलं. आणि वर मलाच समजावतोय.

मी लाल पेन घेतलं आणि एकेका पत्रिकेवरचं कै. आणि गं. भा. खोडायला बसले.

"पत्रिकेवर खाडाखोड अशुभ असते," काका म्हणाले.

"अशुभ काय ते तुम्ही छापून आणलंत."

ते चपला घालून निघून गेले.

अर्धा गठ्ठा झाला तेव्हा आई बाहेर आली. कपाळ धुतलेलं होतं. माझा हात थांबला.

"खोड गो तू," ती शेजारी बसत म्हणाली. "लोकांसाठी खोड. पण मी वाचलं ना."