हिरव्या पडद्यापुढं बसलेली बायको

आमची पोरगी घरातल्या कॉम्प्युटरवर लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग करायची. बायकोचं हार्ट कमजोर झालं होतं. पंचवटीतल्या डॉक्टरनं केदारनाथला जायचं नाव काढू नका म्हणून सांगितलं.

पोरगी म्हणाली, "आई, मी तुला घरबसल्या नेते. मागं हिरवा पडदा लावू. कॉम्प्युटर हिरवं तेवढं काढून टाकतो, तिथं डोंगर बसवतो."

बायको हरखली. देवाला जायचं म्हणून ठेवणीतली हिरवी साडी नेसली, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या भरल्या. आमच्यापैकी एकाच्याही टाळक्यात उजेड पडला नाही.

पोरीनं तिला कॅमेऱ्यात घेतलं आणि कॉम्प्युटरचं बटण दाबलं. बर्फात नुसतं बायकोचं तोंड हसत होतं. खाली धड नाही. जोडलेले दोन पंजे हवेत.

"बंद कर ते!" मी ओरडलो.

"बाबा, साडी बदलली की झालं."

बायको पोट धरून हसली. "अहो, जित्ती बसलेय इथं! लहान पोरावानी काय भिता?"

पण माझ्या मनात अपशकुन बसला. परत शूटिंग करू दिलं नाही, होतं तेही पुसायला लावलं. त्यानंतर ती दुपारी झोपली की मी तिच्या नाकापुढं बोट धरून बघायचो.

पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. तिचं हलतं-बोलतं चित्र घरात एकही नाही. दिवस झाल्यावर मी पोरीला विचारलं, "ते केदारनाथचं परत निघंल का गं?"

"नाही बाबा," ती म्हणाली. "तुम्ही समोर उभं राहून पुसायला लावलं होतं."