बर्फाच्या टबातलं शून्य

सोमवार, १२ मे. आकाश कोरडं, वारा नाही, दुपारी दोनला बाहेर बेचाळीस अंश. नळाला पाणी येऊन आज आठवा दिवस. पाइपचे पंचवीस तुकडे दोन वाजून पाच मिनिटांनी बर्फाच्या पाण्यात घातले.

आता तासभर काही करायचं नाही. तुकडे आतपर्यंत गार होऊ द्यायचे, मग एकेक काढून त्याच्यावर ठरलेल्या उंचीवरून लोखंडी वजन सोडायचं. तडे गेले की माल नापास. वाळूजच्या आमच्या लॅबमध्ये हेच चालतं. लोकांनी बनवलेलं प्लास्टिक आपटायचं, फोडायचं आणि ते किती सहज फुटलं ते लिहून द्यायचं.

हा पाइप शहराच्या कडेच्या एका नव्या वस्तीच्या पाण्याच्या लाइनचा आहे. दहा दिवसांपूर्वी मी तो नापास केला. तिथं चर खणून तयार आहेत, पाइप उतरवून ठेवलाय, आणि काम माझ्या सहीवर अडलंय. आज पुन्हा नापास झाला तर माल परत जाणार आणि वस्तीला सगळा उन्हाळा टँकरवर काढावा लागणार. आमच्या लॅबचे शिपाई काळे मामा त्याच वस्तीत राहतात. मूळचे सोयगावकडचे, शेती भावाकडे. दहा दिवस रोज सकाळी मला पाण्याचा ग्लास देताना ते सांगायचे, "साहेब, आज टँकर अकराला आला. लाइनीत समद्यांनी तुमची आठवण काढली."

फेरचाचणी का करावी लागली ते पुढं येईलच. तोवर टबाकडे बघत बसण्यापेक्षा वही बरी. मी रोज हवामान लिहितो आणि त्याच पानांच्या कडेला किस्से साचत जातात. कपाटावर धूळ बसते तसे. कुणी आणून टाकत नाही, पण पुसायला गेलं की हातभर निघतात.

*

एक बादलीवाले शेठ होते. त्यांच्या बादलीला आम्ही मजबुतीचा कमी आकडा दिला म्हणून बादली घेऊन स्वतःच आले. म्हणाले, "तुमचं मशीन राहू द्या. गच्ची कुठंय?"

आम्ही सगळे गच्चीवर. शेठनी बादली खाली सोडली. ती दोनदा उडाली, गोल फिरली आणि शांत उभी राहिली. शेठनी आमच्याकडे बघितलं.

देशपांडे मॅडम आमच्या प्रमुख. त्या म्हणाल्या, "छान. आता भरून टाका."

"भरून? मॅडम, ह्या दिवसांत पाणी कुठून आणू?"

"तेच म्हणते. ह्या दिवसांत बादली रिकामी कोण उचलणार?"

शेठनी बादली काखेत मारली आणि चहा न घेता गेले. पुढच्या महिन्यात त्यांचा नवा नमुना आला. जाड होता.

*

काळे मामा लॅबमध्ये नवे होते तेव्हाची गोष्ट. आमच्याकडे एक लोलकाचं मशीन आहे. बोटाएवढी प्लास्टिकची पट्टी उभी लावायची आणि झुलता हातोडा तिच्यावर सोडायचा. त्याआधी प्रत्येक पट्टीला एका बाजूनं बारीक खाच पाडावी लागते, म्हणजे सगळ्या एकाच जागी मोडतात. ती खाच पाडायला मला दोन दिवस लागले होते. मॅडमनी मामांना सांगितलं, "त्यातल्या चांगल्या पट्ट्या ट्रेमध्ये लावून ठेवा."

अर्ध्या तासानं मामा रिकामा ट्रे घेऊन आले. "मॅडम, चांगली एक नाय निघाली. समद्या कडंनं कापलेल्या. लई वाईट माल. टाकून दिल्या."

मी हातमोजे घालून कचऱ्याचा डबा उपसत होतो. मामा शेजारी उभे राहून डबा तिरका धरत होते. खाच मुद्दाम पाडलेली असते हे मी त्यांना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी साहेब, आधी तुम्हीच कापता, मग तुम्हीच मोडता, अन् वरून कंपनीला लिहिता की तुमचा माल मोडला?"

मी हे काम कॉलेजात शिकलेलो नाही. स्टोअरकीपर म्हणून आलो आणि मशीनसोबत आलेलं पुस्तक डिक्शनरी घेऊन वाचत वाचत शिकलो. त्या पुस्तकात याचं उत्तर नाही.

*

नमुने ठेवायची आमची एक खोली आहे. तिथं बारा महिने तेवीस अंश. माणसांना कूलर आणि प्लास्टिकला एसी, असा आमचा कारभार आहे. मे महिना लागला की सगळ्यांची कामं त्या खोलीत निघतात. ऑफिसमधले डबा तिथं खातात, फोन तिथं घेतात. माणसं वाढली की खोलीतली दमट हवा वाढते आणि माझी नोंद बिघडते.

शेवटी मी दारावर रजिस्टर टांगलं. नाव, वेळ, आत जाण्याचं कारण. आठवड्यानं मॅडमनी ते चाळलं. "नमुने पाहिले." "नमुने तपासले." "नमुन्यांची खात्री केली." पान भरून तेच. मध्येच आमच्या टेक्निशियनची, रऊफभाईंची ओळ होती. कारण: "गर्मी."

मॅडम म्हणाल्या, "खरं लिहिणारा एकच निघाला."

*

आता पाइपचं. बर्फाचा टब रऊफभाईंकडे असतो. त्यांच्या वडिलांची शहागंजला कुल्फीची गाडी होती. बर्फ कसा फोडावा, कसा दाबावा, हे त्या घराकडून शिकावं. वापरून झालेलं पाणी मात्र मोरीत सोडायचं नाही, दाराशी तेलाच्या डब्यात मॅडमचा कढीपत्ता आहे, त्याला घालायचं, हा दुष्काळापासूनचा नियम.

गेल्या गुरुवारी मॅडम दारातच थांबल्या. कढीपत्ता पार वाळला होता. पानं कडेनं भाजल्यासारखी.

"पाणी तर रोज मिळतं याला. कुणी काय घातलं?"

काळे मामा वाकले. डब्यातली चिमूटभर माती उचलली आणि जिभेवर ठेवली. मॅडमनी तोंड वाकडं केलं. मामांनी माती थुंकली.

"खारट हाय."

"मामा, खारट कशी होईल?"

"ते नाय ठाव. शेतकऱ्याची जीभ हाय मॅडम. मीठ हाय ह्यात."

मॅडमनी रऊफभाईंना बोलावलं. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. "हाँ मॅडम, पाइपच्या दिवशी टबात घातलं ना मीठ. कारखान्यानं अर्धीच लादी दिली. बोले, पानी नहीं तो बर्फ कहाँ से. मग कुल्फीला घालतो तसं खडे मीठ घातलं. थंडी जास्त येते. पाइप को थंडाच पाहिजे ना?"

पाइपला शून्य अंश पाहिजे. शून्याच्या खाली गेला की चांगला पाइपही काचेसारखा होतो. मॅडमनी त्याच टबात तसाच बर्फ, तसंच मीठ करायला लावलं आणि थर्मामीटर सोडला. उणे नऊ.

मग त्यांनी माझी नोंदवही मागवली. त्या दिवशीच्या पानावर दर दहा मिनिटांची नोंद होती, माझ्या अक्षरात, सरळ रेषेत. शून्य. शून्य. शून्य. शून्य. शून्य. शून्य.

"जोशी, हे बघून लिहिलंय?"

अकरा वर्षं बर्फाच्या पाण्यात थर्मामीटर बुडवला की शून्यच येतं. मी त्या दिवशी तो डब्यातून काढलाच नव्हता. सहाही शून्यं एकदमच लिहिली होती.

"नाही, मॅडम."

त्यांनी वही मिटली. कागद पुढं सरकवला. नापासाचा अहवाल मागे घेतल्याचं पत्र मी माझ्या हातानं लिहिलं, चूक पाइपची की आमची हे ठरायचं आहे, असं. सही करताना मला हलकं वाटलं. सहा दिवसांत पहिल्यांदा. मामा शेजारी पाकीट घेऊन उभे होते.

"म्हंजी पाइप चांगला बी असंल?"

"असू शकतो."

"व्हय ना. द्या, मीच नेऊन देतो."

मीठ फक्त त्याच दिवशी पडलं होतं आणि त्या दिवशी दुसरा कुठला माल टबात गेला नव्हता. नोंदवही दोनदा तपासली.

*

आज सकाळी रऊफभाईंनी स्वतःच्या स्कूटरवर पोत्यात गुंडाळून पूर्ण लादी आणली. टब भरला. मी थर्मामीटर सोडला आणि वाचायला वाकलो, तर माझ्याआधी काळे मामांनी टबात बोट बुडवून चाटलं.

रऊफभाई म्हणाले, "मामा, भरोसा नाय का?"

"हाय. पर पानी आमच्या वस्तीचं हाय."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "गोड हाय, साहेब. टाका पाइप."

तीन वाजून पाच मिनिटं झाली. वही बंद करतो.

*

संध्याकाळी पाच. टबाचं तापमान दर दहा मिनिटांनी, डोळ्यांनी बघून: सहाही वेळा शून्य. तुकडे पंचवीस. फटके पंचवीस. तडे एकही नाही.