किशोरी मेळाव्यात पडलेली मुलगी

अहमदपूरजवळच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते. आमचे मुख्याध्यापक दहावीचा प्रजननाचा पाठ दरवर्षी सोडायला लावत. "पोरं घरी वाचून घेतील," म्हणायचे. वर स्वतःच्या सभ्यतेवर खूश असायचे. ही सभ्यता म्हणजे निव्वळ भित्रेपणा होता.

मग वरून आदेश आला, तसा त्यांनी किशोरी मेळावा घेतला. मुलांना मैदानावर पिटाळलं. लातूरहून एक डॉक्टर आणले. हार, शाल, नारळ यातच बराच वेळ गेला. मुलींच्या आरोग्यावर बोलायला आलेला हा माणूस मोबाईल, ओढणी आणि संस्कारांवर बोलत राहिला. पाळी हा शब्द त्याच्या तोंडून एकदाही निघाला नाही. 'ते दिवस' म्हणतानासुद्धा तो छताकडे बघत होता. मुख्याध्यापक मान डोलवत होते.

भाषण रंगात आलेलं असताना माझ्या वर्गातली एक मुलगी बसल्या जागी कलंडली. डॉक्टरसाहेब मंचावरूनच म्हणाले, "उपाशी असेल. पाणी मारा तोंडावर." खाली उतरायची तसदी त्यांनी घेतली नाही. फोटो मात्र थांबून काढून घेतला.

मी तिला प्रयोगशाळेत नेऊन बाकावर निजवलं. ओठ पांढरेफटक पडले होते. घोटभर पाणी प्यायली. मग म्हणाली, "मॅडम, थांबतच न्हाई. दिवाळीपासून असंच चालू हाय."

तिची आई दुसऱ्याच्या रानात मजुरीला जायची. निरोप मिळाल्यावर तशीच धावत आली. तिने माहूरला नवस बोलला होता, पोरीला कसलाकसला काढा पाजला होता. आम्ही रिक्षाने सरकारी दवाखाना गाठला. केसपेपर काढणाऱ्या बाईने साऱ्या रांगेला ऐकू जाईल असं विचारलं, "लग्न झालंय का पोरीचं? मग काय भानगड हाय?" आईची मान खाली गेली. "भानगड नाही, आजार आहे. कागद द्या," मी म्हणाले. त्या बाईचं तोंड मला अजून आठवतं आणि अजून ते बघावंसं वाटत नाही.

आतल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून लगेच नांदेडला पाठवलं. तिथे तिला रक्त चढवलं, गोळ्या सुरू झाल्या. नांदेडला पाठवताना डॉक्टरीणबाईंनी आईला विचारलं होतं, "इतके दिवस का थांबलात?"

"कुणाला इचारावं, बाई? मला तरी कुणी सांगितलं व्हतं?"

मुलगी वर्गात परतली, त्याच आठवड्यात मी तो पाठ शिकवला, मुलामुलींना एकत्र बसवून. सुरुवातीला मागच्या बाकांवर खीखी झाली, नंतर सगळे लिहायला लागले. मुख्याध्यापक दारात येऊन खाकरले.

"मॅडम, पालक काय म्हणतील?"

"या सर, बसा. तुम्हालाही उपयोग होईल."

ते बसले नाहीत. नंतर तालुक्याच्या बैठकीत 'आमच्या शाळेचा उपक्रम' म्हणून त्यांनी हेच सांगितलं. त्यात नवल काही नव्हतं. दुसऱ्याच्या ताटातलं उचलायला त्यांना कधी लाज वाटली नाही.

काही दिवसांनी ती आई धाकटीला घेऊन शाळेत आली. "हिला अजून सुरू झालं न्हाई. त्याच्या आधीच सांगून ठेवा," म्हणाली. मुख्याध्यापक म्हणाले, ही आपल्या शाळेची विद्यार्थिनी नाही. मी दोघींना फाटकाबाहेरच्या कडुलिंबाखाली घेऊन गेले आणि सगळं सांगितलं. धाकटीपेक्षा आईच जास्त प्रश्न विचारत होती.