टँकरचा खेळ

भूमच्या आमच्या शाळेत सरकारी योजनेतून कॉम्प्युटर आला, तेव्हा मी तिथं गणित शिकवत होते. शिक्षकांत मीच वयानं लहान, म्हणून मुख्याध्यापकांनी प्रशिक्षणाला मला सोलापूरला पाठवलं. तिथं एका सरांनी पडद्यावर उड्या मारणारा चेंडू दाखवला. तो काही माझ्या डोक्यातून जाईना.

स्नेहसंमेलन जवळ आलं होतं. मुलांसाठी आपणच एक गेम बनवू, असं मी म्हटलं, तर शिक्षकांच्या खोलीत हशा झाला. दोघंजण मात्र शाळा सुटल्यावर, कॉम्प्युटर ठेवला होता त्या प्रयोगशाळेत आले. एक चित्रकलेचे सर, निवृत्तीला टेकलेले. दुसरे पीटीचे सर. खेळ म्हटल्यावर आपल्याला विचारल्याशिवाय तो होतोच कसा, असं त्यांचं म्हणणं.

विषय शोधावा लागला नाही. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता आणि गल्लीगल्लीत टँकर येत होता. ठरलं असं, की टँकरचा पाइप इकडून तिकडं हलतोय आणि खेळणाऱ्यानं रांगेतली आपली घागर सरकवून धारेखाली आणायची. धार चुकली की पाणी मातीत. घागर म्हणून मी एक चौकोन काढला. चित्रकलेच्या सरांनी चष्मा वर करून तो पाहिला.

"बाई, ह्यो तर राकेलचा डबा झाला," ते म्हणाले.

मग त्यांनी आलेखाच्या कागदावर एकेक घर काळं करत घागर काढली. गळा, काठ, पोटाचा फुगवटा. मी त्या घरांचे आकडे करून टाइप करायची. केलेलं काम टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर साठवावं लागे. कोरी कॅसेट मिळेना, तेव्हा पीटीच्या सरांनी घरातली सनईची कॅसेट आणून दिली; बायकोला विचारलं होतं की नाही, देव जाणे. वीज कधीही जायची आणि साठवायचं राहिलेलं सगळं पुसलं जायचं.

गेम तयार झाला तेव्हा मी फार खूश होते. पीटीचे सर खेळायला बसले. धार इतकी वेगानं पळत होती, की त्यांची घागर ओलीसुद्धा झाली नाही. खऱ्या टँकरवर तरी काय वेगळं होतं, असं मी म्हणाले.

"असंल," ते म्हणाले. "पण हरल्यावर पोरानं म्हणलं पायजे, अजून एक डाव. आत्ता ते दप्तर उचलून घरी जाईल."

मला राग आला, पण घरी गेल्यावर पटलं. दुसऱ्या दिवशी आम्ही धार सुरुवातीला सावकाश केली आणि घागर भरेल तसा वेग वाढवला.

संमेलनाच्या दिवशी प्रयोगशाळेबाहेर चपलांचा ढीग पडला. आठवीतल्या दोन मैत्रिणी खेळत होत्या. भरलेली घागर त्यांनी धारेखालून हलवलीच नाही, आणि वरून सांडलेलं पाणी शेजारच्या घागरीत जाऊ लागलं. असं आम्ही ठरवलंच नव्हतं. प्रोग्रॅममध्ये चूक राहिली होती. पोरींनी बघता बघता अख्खी रांग भरली. खेळ थांबवून दुरुस्ती करावी म्हणून मी पुढं झाले, तर चित्रकलेच्या सरांनी हात आडवा केला.

"राहू द्या की, बाई. शेजारणीची भरतीय, आपलं काय जातंय?"

पीटीच्या सरांनी लगेच जाहीर करून टाकलं, की रांग भरणाऱ्याला जादा गुण. मागची मुलं पुढं रेटू लागली. नंतर आम्ही तिघांनी बसून तोच खेळाचा नियम केला.

पुढं चित्रकलेचे सर निवृत्त झाले. तरी आठवडी बाजाराच्या दिवशी पिशवीत भाजी आणि आलेखाचे कागद घेऊन ते प्रयोगशाळेत यायचेच. एकदा त्यांनी नव्या गेमसाठी टपावर बोचकी लादलेली एसटी काढून आणली, फार देखणी. पीटीच्या सरांनी ती निरखून पाहिली आणि विचारलं, यात खेळणाऱ्यानं करायचं काय? शिपाई कुलूप घेऊन दारात येऊन उभा राहिला, तरी आमचं ठरत नव्हतं.