केरबांच्या नावाची डबी

केरबा गवंडी पुरुष होते, याबद्दल रेणापुरात कुणाला शंका असायचं कारण नव्हतं. पण इकडे नांदेडच्या प्रयोगशाळेत लुंबिनी जोंधळेच्या समोरचा संगणक सांगत होता, की केरबांच्या नावाची डबी एका बाईची आहे.

तिनं विश्लेषण पुन्हा चालवलं. पुन्हा तेच.

डबीत शौचाचा नमुना होता. त्यात पोटातल्या जंतूंबरोबर आतड्याच्या काही पेशीही उतरतात, आणि पुरुषाच्या पेशीत वाय गुणसूत्र असतं. केरबांच्या दुसऱ्या डबीत, जी उपचारानंतर दवाखान्यातच घेतली होती, ते ठळक दिसत होतं. उपचाराआधी घरून भरून आलेल्या पहिल्या डबीत त्याचा मागमूस नव्हता.

ही तपासणी तिनं आपणहून केलीच नसती. परदेशातल्या ज्या नियतकालिकाकडे तिचा शोधनिबंध गेला होता, तिथल्या परीक्षकानं एका ओळीत विचारलं होतं : दोन्ही नमुने एकाच माणसाचे आहेत याची खात्री केली आहे का? ती ओळ वाचून लुंबिनीचं डोकंच फिरलं होतं. इकडच्या लोकांना साधा नमुनाही गोळा करता येत नाही, असं वाटतं की काय यांना? दाखवतेच, म्हणून ती बसली होती.

चाकूरच्या हुशार मुलीनं लातूरला क्लास लावायचे आणि डॉक्टर व्हायचं, हे तिच्याही घरी ठरलेलं होतं. नंबर लागला नाही. मग सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं आणि त्यातच जीव रमला. वडील धम्मानंद निवृत्त शिक्षक. पाहुण्यांना ते सांगत, "पोरगी कॅन्सरवर काम करती." नमुना कशाचा असतो, हे मात्र गाळत. एकदाच म्हणाले होते, "आज्यानं गावाची घाण उचलायचं टाकलं, तेच फिरून तुझ्या हाताला आलं का गं?"

"आप्पा, आज्याला कुणी विचारून काम दिलं नव्हतं. मी मागून घेतलंय."

आप्पांनी विषय सोडला. पटलं असं नाही.

मागून घेण्यासारखं होतंच ते काम. इम्युनोथेरपीचं औषध कॅन्सरला थेट मारत नाही, शरीराच्या स्वतःच्या पहारेकऱ्यांना जागं करतं. काहींचे पहारेकरी खडबडून उठतात, काहींचे ढिम्म हलत नाहीत. यात आतड्यातल्या जंतूंचाही हात असावा, असं जगभर दिसू लागलं होतं. पण तपासलेली पोटं बहुतेक पाव आणि चीज खाणाऱ्यांची. ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी खाणाऱ्या पोटात काय चालतं? ते आपण पाहायचं, असं लुंबिनीनं ठरवलं होतं.

ठरवणं सोपं होतं. हे औषध घेणारे पेशंट मोजके. त्यातले निम्मे दवाखान्यात येईपर्यंत गावातल्या मेडिकलवरून अँटिबायोटिक खाऊन आलेले, म्हणजे पोटातले जंतू आधीच मेलेले. कुणी डबी पाहूनच तोंड फिरवायचे. अशात केरबा सापडले. फुप्फुसाचा कॅन्सर, आणि औषधाचा असा गुण, की डॉक्टरही चकित. वर त्यांच्या दोन डब्यांत जमीन-अस्मानाचा फरक. औषधानं पोटातली सगळी वस्तीच पालटली! तिचे मार्गदर्शक विरूपाक्ष सर खुर्चीतून उठले होते. शोधनिबंध याच एका पेशंटवर उभा राहिला होता, आणि प्रकल्पाची मुदतवाढ त्या शोधनिबंधावर.

वस्ती पालटलीच नव्हती. माणूस पालटला होता.

दुसऱ्या दिवशी तिनं लातूरची एसटी धरली. वाटेत चाकूर आलं. ती उतरली नाही. लातूरहून रेणापूर गाठलं, तेव्हा केरबा अंगणात कोंबड्यांचं खुराडं बांधत होते.

"जयभीम म्याडम! बघा, पुन्हा थापी धरली." अंगावर मांस चढलं होतं. त्यांना तसं पाहून तिला आनंद झाला, आणि त्या आनंदाचाच रागही आला.

सुमनबाईंनी चहा पुढं केला. लुंबिनीनं सरळच विचारलं, "मावशी, पहिली डबी तुम्ही भरून आणली होती. कुणाची होती ती?"

"ह्यांचीच की."

"त्यात बाईच्या पेशी निघाल्यात."

आत भांडी घासायचा आवाज थांबला. केरबांनी थापी खाली ठेवली आणि घराकडं तोंड करून हाक दिली, "रूपाली! ये भाईर. तुझं नाव कम्प्युटरात गेलं."

सून दारात आली, ओले हात पदरात गुंडाळून. "मी नको नको म्हनत व्हते ताई. आत्याबाई ऐकंनात."

"मग काय करू माय?" सुमनबाई उसळल्या. "तूच सांगितलं न्हाई का, पोटात चांगले जंतू असले तर औषध लागू पडतंय म्हून? ह्यांचं पोट जलमभर तंबाखू आन हॉटेलच्या चहावर. म्हनलं, वाईट निघालं की डॉक्टर म्हनतील, ह्याच्यावर औषध कशाला वाया घालायचं. फुकट भेटून राहिलंय, ते दुसऱ्याला देतील. आमच्या घरात पोट चांगलं कोनाचं, तर हिचं. दगुड खाल्ला तरी पचवील."

"आत्याबाई!"

"खोटं हाय का?"

लुंबिनीला तो दिवस आठवला. हातातलं छापील माहितीपत्रक बाजूला सारून तिनं सुमनबाईंना सगळं त्यांच्या बोलीत समजावलं होतं. पोट म्हणजे गाव, जंतू म्हणजे गावकरी, गावकरी भले असले तर बाहेरून आलेल्या पाहुण्याला साथ देतात. सुमनबाई मान हलवत होत्या. बाहेर येऊन तिनं सरांना अभिमानानं सांगितलं होतं, की यांना शब्द न् शब्द कळला. कळलाच होता.

"औषध बंद होणारच नव्हतं, मावशी. डबी फक्त माझ्या अभ्यासासाठी होती."

"मग तसं बोलायचं की! हे न्हाई बोललीस तू."

केरबा विटेवर टेकले. "म्हंजे औषधाच्या आदी माझ्या पोटात काय व्हतं, ते आता कोनालाच कळनार न्हाई?"

"नाही."

"आता देतो की. पायजे तेवढं."

"आता औषध होऊन गेलं, मामा. ते पोट आता राहिलं नाही."

"अरारा," केरबा म्हणाले. "आन सगळ्यात भारी पेशंट मी, असं तूच म्हनली व्हतीस."

नांदेडला परतल्यावर विरूपाक्ष सरांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढला. "परीक्षकाला लिही, लेबल चुकलं. केरबांना वगळून बाकीचे ठेवू."

"सर, बाकीचेही तपासले मी. अजून दोघा पुरुषांच्या डब्या बायकांच्या निघाल्या."

"त्याही काढ."

"आणि बाईनं बाईची दिली असेल तर? पुरुषानं पुरुषाची? बाकीच्यांच्या दोन्ही डब्या घरूनच आल्यात, रक्ताशी जुळवलं तरच कळेल. आपण रक्त मागितलंच नव्हतं, परवानगीच नाही."

सरांनी चष्मा पुन्हा चढवला. मग चिडून म्हणाले, "तुला कळतंय ना, मुदतवाढ गेली?"

तिला कळत होतं. तिनं तिथंच बसून शोधनिबंध मागे घेत असल्याची मेल लिहिली आणि पाठवली. सरांनी अडवलं नाही, पण वाचायलाही मागितली नाही. प्रकल्पाची मुदत मार्चपर्यंत होती. तोवर जमतील तेवढे नमुने पुन्हा गोळा करायचे, आणि या वेळी दवाखान्यातच, परिचारिकेसमोर.

पुढच्या सोमवारी दवाखान्यात नवी पेशंट आली. सोबत तिचा भाऊ. लुंबिनीनं खुर्ची ओढली आणि आधी तेच सांगितलं, जे रेणापुरात सांगायचं राहिलं होतं. "यात काहीही निघालं, चांगलं किंवा वाईट, तरी ताईंच्या औषधात तसूभर फरक पडणार नाही."

भावानं डबी हातात फिरवून पाहिली. "काहीच फरक पडत न्हाई?"

"काहीच नाही."

"मग घेता कशाला?"

या प्रश्नाचं एक फार सुंदर उत्तर तिच्याकडे होतं, गावाचं आणि गावकऱ्यांचं. ते ओठांवर आलंही. पण रेणापुरात त्याच उत्तरानं डबी बदलली होती. "आम्हालाच अजून नीट माहीत नाही, म्हणून," ती म्हणाली.