अण्णा झाला का?

मंडळी, आज ऑफिसात माझ्या पोटात दुखलं. गोळी घेऊन थांबणारं दुखणं नव्हे, दुसऱ्याचं कौतुक ऐकून होतं ते.

आमच्या चादरींच्या कारखान्याचा सगळा डेटा एका सर्व्हरवर असतो. त्याचा बॅकअप रोज संध्याकाळी मी घेतो. एकेक विंडो उघडायची आणि क्लिक करत बसायचं. अकाउंट्सच्या शिंदेबाई विचारणार, "अण्णा, झालं का?" मी "झालं" म्हटलं की मगच सगळे आपापले कॉम्प्युटर बंद करणार.

आज अक्कलकोटच्या रेणुकानं, आमच्याकडे नव्यानंच लागलेल्या पोरीनं, सर्व्हरवर कमांड लिहून काम करायची टूल्स बसवली आणि बॅकअपची स्क्रिप्ट लिहिली. पहिल्यांदा एरर आली, कारण कीबोर्ड मराठीवर राहिला होता. खोटं कशाला बोलू, मला लई बरं वाटलं.

तिनं हसत कीबोर्ड बदलला, एकच शब्द टाइप केला आणि एंटर दाबलं. माझा चहा गार व्हायच्या आत बॅकअप तयार!

साहेब खूश. "भारी की गं! नाव काय दिलंस स्क्रिप्टला?"

"अण्णा," ती म्हणाली. "रोज हे काम अण्णाच करतात की."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, उसनं हसू आणून.

संध्याकाळी शिंदेबाईंचा आवाज आला, "अण्णा झाला का?"

सवयीनं मी तोंड उघडलं. बाई रेणुकाकडे बघत होत्या.

स्वतःच्याच नावावर कधी जळलाय का हो तुम्ही?